तेल कुणाच्या भरवशावर? जुन्या मोटरसायकलींच्या वंगणव्यवस्थेचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण मॅग्नेटोबद्दल बोललो होतो. ठिणगी पडली नाही तर गाडी सुरू होत नाही, एवढंच. माणूस वैतागतो, ढकलत घरी येतो. तेलाचं तसं नाही. तेल थांबलं तरी गाडी चालत राहते, पुष्कळदा नेहमीसारखीच चालते, आणि मग एकदम मागचं चाक जाम होतं. म्हणून आजचा विषय वरवर पाहता मिस्त्रीचा वाटला तरी प्रश्न इतिहासाचा आहे. इंजिनाला तेल पोचतंय याची खात्री कुणी करायची? चालवणाऱ्याने, यंत्राने, की गॅरेजमधल्या माणसाने? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचं उत्तर दोन-तीनदा बदललं, आणि ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना ते बदल माहीत नसले तर भुर्दंड पडतो.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. चाक कुरकुरायला लागलं की गाडीवान खाली उतरायचा, चाक सरकवून आसाला वंगण फासायचा आणि पुढे निघायचा. फासलेलं वंगण परत गोळा करायचा प्रश्नच नव्हता. पहिल्या मोटरसायकली याच तत्त्वावर चालत. इंग्रजीत त्या पद्धतीला ‘टोटल लॉस’ म्हणत, म्हणजे गेलं ते गेलं. पेट्रोलच्या टाकीतच तेलाचा एक कप्पा असे आणि टाकीवर हाताने दाबायचा पंप. काही मैल गेले की स्वार एक दट्ट्या मारायचा. ते तेल क्रँककेसमध्ये पडायचं, फिरणारी चाकं ते उडवायची, त्यातलं थोडं जळायचं, थोडं फटींतून रस्त्यावर जायचं.

पहिल्या महायुद्धातली ट्रायम्फ मॉडेल एच घ्या. १९१५ साली आली, ५५० सीसी, एक सिलिंडर. दोस्त सैन्यांना अशा सुमारे ३० हजार गाड्या पुरवल्या गेल्या. निरोप घेऊन जाणाऱ्या शिपायाला नकाशा, चिखल आणि तोफगोळे सांभाळताना तेलाचाही हिशेब ठेवावा लागे. चढ लागला, एक दट्ट्या जास्त. उतारावर कमी. मागे वळून धूर पाहायचा: निळसर पातळ रेघ दिसली की ठीक, दाट लोट निघाला तर तेल जास्त झालं आणि आता प्लग काळा होणार, आणि काहीच दिसलं नाही तर लगेच पंप. एखाद्या कसलेल्या आचाऱ्याने मिठाचा अंदाज घ्यावा तसं हे काम होतं. आपण त्याला मागासलेलं म्हणून मोकळे होतो, पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या स्वाराला आपल्या इंजिनात दर क्षणी काय चाललंय हे आजच्या कुठल्याही स्वारापेक्षा जास्त कळत असे. कारण त्याला ते कळावंच लागे.

त्या काळी तेल कुठलं? इथे आपला संबंध येतो. लंडनच्या वेकफील्ड कंपनीने १९०९ साली खनिज तेलात एरंडेल घालून एक तेल बाजारात आणलं आणि एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून त्याला ‘कॅस्ट्रॉल’ म्हटलं. आपण ज्या एरंडेलाला लहानपणी नाकं मुरडली तेच शर्यतीच्या इंजिनांत सोनं ठरलं, कारण तापल्यावरही ते धातूला चिकटून राहतं. आणि एरंडीचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून होत असे. एरंडेलाचा दोषही तेवढाच मोठा. ते साठून घट्ट होतं, डिंकासारखा थर धरतं. शिवाय खनिज तेलाशी ते सहजी मिसळत नाही. म्हणून जुन्या शर्यतीच्या गाडीत पूर्वी कुठलं तेल होतं हे कळल्याशिवाय दुसरं ओतू नये, हा नियम आजही पाळला जातो.

विशीच्या दशकात हातपंपाच्या जागी यांत्रिक पंप आले. ‘पिलग्रिम’ नावाचा पंप पुष्कळ गाड्यांवर दिसतो. त्याला छोटी काच असते आणि तीतून थेंब पडताना दिसतात. स्क्रू फिरवून थेंब कमीजास्त करायचे. म्हणजे देण्याचं काम यंत्राकडे गेलं, पण मोजणं अजून माणसाकडेच होतं.

मग आलं खरं वळण. तेल एकदा वापरून टाकून द्यायचं नाही, फिरवायचं. यालाच ‘ड्राय संप’ म्हणतात. एक वेगळी टाकी, एक पंप टाकीतून तेल बेअरिंगांना देतो, दुसरा पंप तळाला साचलेलं तेल उचलून टाकीत परत टाकतो. यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट अशी की परतीचा पंप मुद्दाम मोठा ठेवतात. तळ कोरडा राहायचा तर आत जितकं येतं त्याहून जास्त उपसण्याची ताकद हवी. त्यामुळे परतीच्या पंपाला पुष्कळ वेळा तेलाऐवजी हवाच मिळते. म्हणून जुन्या ब्रिटिश गाडीचं इंजिन चालू ठेवून टाकीचं झाकण उघडलंत आणि परतीच्या नळीतून तेल थुंकत-थुंकत, बुडबुड्यांसकट येताना दिसलं, तर घाबरू नका, ते तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. सुरू केल्या केल्या थोडा वेळ सलग धार येईल, मग थुंकणं सुरू होईल. बराच वेळ सलग धारच राहिली तर तळाला तेल साचलं होतं असं समजायचं. काहीच आलं नाही तर इंजिन ताबडतोब बंद.

१९३७ साली एडवर्ड टर्नर यांची ट्रायम्फ स्पीड ट्विन आली. दोन सिलिंडर, ४९८ सीसी, आणि पुढची तीस-एक वर्षं सगळ्या ब्रिटिश कारखान्यांनी गिरवलेला कित्ता. तिच्या टाकीवर एक फळी होती आणि त्या फळीत तेलाच्या दाबाचा काटा होता. १९४९ साली हेडलाइटभोवती पत्र्याचं सुबक आवरण आलं, स्पीडोमीटर आणि अॅमीटर त्यात गेले. तेलाचा काटा मात्र गेला तो गेलाच. त्याच्या बदल्यात इंजिनाच्या कडेला, प्रेशर व्हॉल्व्हवर, एक इवलंसं बटण आलं. दाब असला की ते बाहेर येतं. चालत्या गाडीवर ते पाहायला वाकावं लागतं. दिसण्यासाठी केलेल्या या बदलाची किंमत इतिहासकारांनी फारशी मोजलेली नाही असं आम्हाला वाटतं. स्वाराला तेल दिसण्याची शेवटची खिडकी इथे बंद झाली.

आणि याच इंजिनात आत एक कप्पा होता, जो कुणालाच दिसत नव्हता. क्रँकशाफ्टच्या पोटात एक नळी बसवलेली असते. तिला ‘स्लज ट्रॅप’ म्हणतात, गाळाचा सापळा म्हणा. क्रँक गरगर फिरते तेव्हा तेलातला जड कचरा बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि तिथे थर धरून बसतो. ताक घुसळताना लोणी बाजूला व्हावं तशी ही युक्ती, फक्त इथे बाजूला पडतं ते टाकाऊ. कागदी फिल्टर अनेक वर्षं नव्हताच. टाकीत आणि तळाला जाळी, बस. म्हणून तेल दीड-दोन हजार मैलांना बदलायला सांगत. जाळी धुता येते, तेल बदलता येतं, पण सापळा साफ करायचा तर अख्खं इंजिन उकलावं लागतं. वीस वर्षांत कुणी उकललं नसेल तर तिथला गाळ पेन्सिलीच्या शिशासारखा कडक होतो आणि बिग एंडकडे जाणारी वाट अरुंद करतो.

इथे तेलाच्या रसायनाचा इतिहास येऊन धडकतो. आधी डिझेल इंजिनांसाठी बनलेली ‘डिटर्जंट’ तेलं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरली. त्यांचा गुण असा की ती काजळीला तळाला बसू देत नाहीत, अंगावर तरंगत ठेवतात आणि फिल्टरपर्यंत नेतात. जिथे फिल्टर आहे तिथे हे उत्तम. पण ज्या इंजिनाचा सगळा संसार गाळ बसवण्यावर उभा आहे, तिथे? जुना थर सुटून तुकड्यांनी वाहू लागेल अशी भीती जाणकार घालतात. यावर वाद आहे, दोन्ही बाजूंनी अनुभवी माणसं आहेत. आमचं मत सरळ आहे: इंजिन उकलून सापळा साफ केल्याची खात्री असेल तर आधुनिक २०-५० तेल घाला आणि बाहेरून फिल्टर जोडा. खात्री नसेल तर आधी इंजिन उघडा, तेलाच्या डब्यावरची चर्चा नंतर.

दुसरं दुखणं ‘वेट संपिंग’चं. टाकी उंचावर, इंजिन खाली. गाडी महिनाभर उभी राहिली की तेल पंपाच्या फटीतून हळूहळू झिरपतं आणि टाकीतून क्रँककेसमध्ये उतरतं. नॉर्टनच्या दातेरी चाकांच्या पंपात हे विशेष होतं. मालक रविवारी झाकण उघडतो, टाकी अर्धी रिकामी! तो आणखी लिटरभर ओततो. गाडी सुरू होते, परतीचा पंप खालचं सगळं तेल वर आणतो, टाकी तुडुंब भरते आणि श्वासनळीतून तेल थेट मागच्या टायरवर. तेल गेलं, तूप गेलं, त्यातला प्रकार. पातळी नेहमी गाडी थोडी चालवून मगच पाहावी असं जुन्या पुस्तिकांत छापलेलं असे, ते याचसाठी.

यावर उपाय म्हणून कित्येकांनी टाकीखालच्या नळीला साधा तोटीचा नळ बसवला. उभी करताना बंद, निघताना उघडा. कल्पना छान, परिणाम भयंकर. कारण एक दिवस माणूस विसरतो, आणि तेल नाही हे सांगणारा काटा तर १९४९ लाच गेलेला! नळ उघडल्याशिवाय ठिणगीच पडू नये अशी विजेची कळ काहींनी जोडली, तो शहाणपणा. १९७५ च्या नॉर्टन कमांडो मार्क ३ मध्ये कारखान्याने झडप पंपाच्या पुढे बसवली, म्हणजे पंपाच्या दाबाने ती आपोआप उघडते आणि पंपाला तेल मिळण्याची वाट कधीच अडत नाही. नळ पंपाच्या अलीकडे की झडप पंपाच्या पलीकडे, फरक एवढाच, पण एकात इंजिन माणसाच्या आठवणीवर अवलंबून आहे आणि दुसऱ्यात नाही.

आता आपली बुलेट. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली. आधी इंग्लंडहून आलेले भाग जोडत, पुढे सगळंच इथे बनू लागलं. रेडिचच्या मूळ कंपनीचा कारभार १९७० पर्यंत आटोपला, आणि इथली लोखंडी सिलिंडरची बुलेट २०१० च्या सुमारापर्यंत निघत राहिली. तिचं वेगळेपण असं की वेगळी टाकीच नाही. तेलाचा कप्पा क्रँककेसच्याच ओतकामात, मागच्या बाजूला. क्रँकच्या टोकाला अळीसारखी चक्री, तिच्यावर चालणारे दोन पंप, टायमिंग कव्हरमध्ये फेल्टचा फिल्टर. काटा नाही, दिवा नाही. झाकणाला लावलेली पट्टी, तेवढीच.

आणि बिग एंडला बहुतेक काळ रोलर नव्हते, तरंगती बुश होती. रोलर उडालेल्या तेलावरही काही वेळ तग धरतात. बुशला दाबाने आलेला तेलाचा पापुद्रा लागतोच. म्हणून बुलेटच्या पंपाकडे दुर्लक्ष महागात पडतं. मिस्त्री लोकांनी यासाठी आपली शाळा तयार केली. इंजिन हळू चालू ठेवायचं, रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट थोडा सैल करायचा, तेल पाझरलं की मान डोलवायची. पंपाच्या चकत्या बारीक मसाल्यावर घासून पुन्हा घट्ट बसत्या करायच्या. हे ज्ञान पुस्तकापेक्षा हातातून हातात गेलं, आणि त्यात चुकाही गेल्या. रॉकरला तेल आलं म्हणजे बुशलाही पुरेसं पोचलं, असं होत नाही. तेल बदलताना इंजिनाखालचा एकच प्लग उघडून मोकळं होणं ही तशीच एक सवय, त्याने जुना गाळ आतच राहतो. फिल्टर बदलल्यावर तो कोरडा असतो, त्यात आधी तेल भरावं लागतं. इंजिन काही मिनिटं सावकाश चालवून, थांबवून, पट्टी पुन्हा पाहावी, कारण पातळी उतरलेली असते. घाईच्या गॅरेजात ही दहा मिनिटं कुणी देत नाही. जुन्या बुलेटच्या मालकाने तेवढ्यापुरतं स्वतः तिथे उभं राहावं.

नव्या इंजिनात कागदी फिल्टर आला, पंप वेगळा झाला, आणि इशारा देणारा दिवा आला. ज्यांना आज प्रश्न विचारायचे असतील त्यांनी एक माहिती जवळ ठेवावी, तिच्याशिवाय उत्तर देता येत नाही: तुमच्या गाडीचं इंजिन शेवटचं पूर्ण उघडलं ते कोणत्या साली?