दोन शिकलगार

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. नववीच्या वर्गात शाहिरी वाङ्मय सांगताना फळ्यावर नावे लिहिली : राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, यात आपलं कुणीच नाही का?"

मी सगनभाऊच्या नावाखाली रेघ ओढली. मुले हसली. "भाऊ म्हणजे मुसलमान कसा, सर?"

सगनभाऊ मूळ जेजुरीचे, धर्माने मुसलमान. पुण्यात त्यांचा धंदा शिकलगारीचा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचा. उत्तर पेशवाईत त्यांच्या लावण्या आणि पोवाडे गाजले. त्या काळची लावणी फडाची होती. ढोलकी, तुणतुणे, डफ आणि मोकळ्या मैदानातला श्रोता. तीच लावणी पुढे दिवाणखान्यात कशी पोचली, हा आपल्या संगीताच्या इतिहासातला महत्त्वाचा प्रश्न आहे.

सगनभाऊंचे समकालीन होनाजी हे गवळी समाजातले. दुसऱ्या बाजीरावाच्या सूचनेवरून त्यांनी रागदारीत लावण्या बांधल्या आणि ढोलकीच्या जागी तबला आणला, असे सांगितले जाते. पुढे बैठकीची लावणी रुजली. गाणारी बसून गाते, एकच ओळ दहा तऱ्हांनी खुलवते, हातांनी आणि डोळ्यांनी अर्थ दाखवते. ठुमरीशी तिचे नाते उघड आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, त्यानंतर 'सौभद्र'. त्यातल्या पदांच्या चालींत रागदारीबरोबर कीर्तन आणि लावणीचेही वळण आहे. ज्या घरांत तमाशाचे नाव काढत नसत, त्या घरांत लावणीची लय अशी मागच्या दाराने शिरली.

युरोपातही असेच घडले. जर्मन संगीतकार टेलेमान १७०५ च्या सुमारास झोराऊ इथल्या दरबारी नोकरीत होता. तेव्हा त्याने पोलंडचे मशकवाले आणि फिडलवाले ऐकले. त्यांच्या चाली त्याने दरबारी वाद्यसंगीतात वापरल्या आणि आत्मचरित्रात हे ऋण कबूलही केले. पण त्या वादकांची नावे कुठे आहेत? आपल्याकडे निदान सगनभाऊंचे नाव तरी उरले.

आता दुसरा शिकलगार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांची मागणी ओसरली. तेव्हा मिरजेचे फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे शिकलगार बंधू तंतुवाद्यांकडे वळले. भोपळा आणि लाकूड यांतून तंबोरा घडवण्याचे काम त्यांच्या वंशजांनी पुढे चालवले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. देशातले कितीतरी गवई याच तंबोऱ्यावर सूर लावतात.

आम्हाला इतिहासात जागा दिली नाही, अशी तक्रार आपण करतो. ती बऱ्याचदा खरीही असते. पण सगनभाऊंना आपणही विसरलो. लावणी म्हटले की मोहल्ल्यात लोक तोंड फिरवतात, आणि मग त्या मुलाला वाटते की या मराठीत आपले कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने विचारले, "सर, मग लावणी आपली?"

मी म्हणालो, "बेटा, गवळ्याची, शिकलगाराची, फडात नाचणाऱ्या बाईची. म्हणून आपलीसुद्धा."

त्याने वहीत सगनभाऊ लिहिले आणि खाली रेघ ओढली.