न्याहारीचे धान्य आणि खोक्यावरचा चेहरा : तयार न्याहारी-धान्यांच्या जाहिरातींचा इतिहास, जालना जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

आहाराच्या इतिहासात पिके, भाव आणि दुष्काळ यांची दखल घेतली जाते. परंतु सकाळी पहिला घास कशाचा असावा हे समाजाने कसे ठरविले आणि ते ठरविण्याचा अधिकार पुढे कोणाच्या हाती गेला, हा प्रश्न सहसा मागे राहतो. विसाव्या शतकात अमेरिकेत हा अधिकार फार मोठ्या प्रमाणावर जाहिरातीकडे गेला. खोक्यातील तयार धान्य, त्या खोक्यावरील शुभंकर म्हणजे मालाची ओळख म्हणून रूढ केलेले चित्रपात्र, आणि त्या पात्राच्या तोंडचे घोषवाक्य यांनी तेथील मुलांची सकाळ घडविली. १९९४ नंतर हाच माल मोठ्या तयारीनिशी महाराष्ट्राच्या बाजारात उतरला. या घटनेचा विचार बहुधा मुंबईच्या ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून केला जातो. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे भाग मिळून निर्माण झालेल्या जालना जिल्ह्यातून पाहिले असता तिचे वेगळे अंग दिसते. कारण हा जिल्हा धान्य खाणारा आणि पिकविणारा तर आहेच, शिवाय धान्याचे बियाणे घडविणाराही आहे. शुभंकर धान्याला जी ओळख देऊ पाहतो, तिची जागा येथे रिकामी नव्हती, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

जालन्याची न्याहारी

मराठवाड्याच्या ग्रामीण व्यवहारात न्याहारी म्हणजे उठल्याबरोबर खाण्याचा पदार्थ नव्हे. पहाटे चहा किंवा कोरभर भाकरी होते. उन्हे वर आली, कामाचा पहिला टप्पा उरकला, की बांधावर गाठोडे सोडून खायची ती न्याहारी. त्यात ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा, क्वचित पिठले; घरी असलेल्यांसाठी धपाटे आणि दही, रात्रीच्या भाकरीचा काला; शहरात मुरमुऱ्यांची सुशीला आणि पोहे. पदार्थ थोडे आहेत, पण धान्याविषयीची चोखंदळ दृष्टी मोठी आहे. भाकरीला मालदांडी हवी, हुरड्याला गुळभेंडी हवी, लाह्यांची ज्वारी निराळी, हे भेद कोणत्याही जाहिरातीने शिकविलेले नाहीत. धान्य कोणत्या शिवारातले, कोणत्या हंगामातले आणि कोणी पिकविलेले, हे खाणाऱ्यास बहुधा ठाऊक असे. जात्यावर पहाटे दळण होई तेव्हा त्याच्या सोबतीला ओव्या असत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सकाळचे धान्य आणि गाणे यांचे नाते अमेरिकेतील आकाशवाणीने प्रथम जोडले असे मानण्याचे कारण नाही.

लाह्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. किंचित ओलावलेली ज्वारी तापलेल्या वाळूत किंवा लोखंडी कढईत टाकली की दाण्यातील ओलाव्याची वाफ होऊन दाणा फुटतो. भडभुंज्याच्या भट्टीवर हे काम पिढ्यान्पिढ्या चालत आले असून नागपंचमीला लाह्या घरोघरी लागतात. दाणा फुगविण्याचे हेच तत्त्व अलेक्झांडर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोगशाळेत मांडले. १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात तोफेच्या नळीतून फुगलेला तांदूळ उडवून दाखविण्यात आला आणि क्वेकर कंपनीने पुढे 'बंदुकीतून झाडलेले अन्न' या आशयाच्या घोषवाक्यावर तो खपविला. नागपंचमीच्या लाह्यांशेजारीही एक प्राणी असतोच. फक्त त्याला काही विकायचे नसते.

खाणाऱ्याचा निवाडा किती कठोर असे, हे संकरित ज्वारीच्या बाबतीत दिसले. १९६४ साली देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण सीएसएच-१ प्रसारित झाला आणि त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालना येथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार बारवाले यांना मिळाला, तो बियाणे शेतकऱ्यापर्यंत पोहोचविण्याच्या कार्यासाठी. संकरित ज्वारीने उत्पादन वाढविले यात शंका नाही. तथापि खरिपात लवकर पक्व होणारे तिचे कणीस परतीच्या पावसात सापडून काळे पडे आणि भाकरीला मालदांडीची चव नसे. लोकांनी 'हायब्रीड' हा शब्द उचलला आणि त्याचा अर्थ 'दिसायला मोठे, आतून कसरदार नसलेले' असा करून टाकला. आजही मराठीत तो माणसांनाही लावला जातो. मालाला नाव देण्याचा अधिकार तोपर्यंत खाणाऱ्याकडे होता, याचा हा भाषेतील पुरावा होय.

परके धान्य बाहेरून येण्याचा अनुभवही या प्रदेशास नवा नव्हता. पीएल-४८० योजनेखाली देशात आलेल्या अमेरिकी धान्याच्या पोत्यांवर दोन हातांच्या हस्तांदोलनाचे चिन्ह असे. १९७२ च्या दुष्काळात आयात केलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी मराठवाड्याने खाल्ली. सुकडी हे खऱ्या अर्थाने तयार धान्यान्न होते, परंतु त्यास ना चेहरा होता ना घोषवाक्य. भूक असताना दोहोंचीही गरज पडली नाही.

बॅटल क्रीकची सकाळ

अमेरिकेत तयार न्याहारी-धान्याचा जन्म रुग्णालयात झाला. मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वी केलॉग रुग्णांना मांसविरहित, सौम्य आहार देत. १८९४ मध्ये उकडून शिळा झालेला गहू लाटला असता त्याचे पातळ पापुद्रे निघाले; त्यांतून फ्लेक्स तयार झाले. त्यांचे बंधू विल कीथ केलॉग यांनी १९०६ मध्ये मक्याच्या फ्लेक्सची स्वतंत्र कंपनी काढली. साखर घालावी की नाही यावरून दोघा भावांत मतभेद होते. विक्रीच्या बाजूने साखर जिंकली, हे पुढील इतिहास सांगतो.

या मालाच्या चित्रांचा क्रम लावून पाहिला तर एक दिशा स्पष्ट दिसते. १८७७ मध्ये नोंदविलेले क्वेकर ओट्सचे चिन्ह हे एका धर्मपंथाच्या पोशाखातील पुरुषाचे होते. पिंपातून सुटे विकले जाणारे ओट बंद खोक्यात घालताना ग्राहकास विश्वासाचा आधार देणे, हा त्यामागील हेतू. केलॉगच्या १९०७ च्या जाहिरातीत मक्याची ताटे कवेत घेतलेली तरुणी होती. धान्य ज्या झाडास लागते ते झाड अजून चित्रात होते. १९३३ च्या सुमारास व्हर्नन ग्रँट या चित्रकाराने राइस क्रिस्पीजसाठी रेखाटलेले स्नॅप, क्रॅकल आणि पॉप हे तीन बुटके कोठल्याच शेतातून आलेले नाहीत. वाटीत दूध पडल्यावर होणाऱ्या आवाजातून ते जन्मले. १९५२ मध्ये साखरेचा थर दिलेल्या मक्याच्या फ्लेक्ससाठी शिकागोच्या लिओ बर्नेट संस्थेने टोनी हा वाघ आणला. तो गुरगुरत फ्लेक्स उत्तम असल्याचे सांगतो; बस्स. मक्याशी वाघाचा संबंध शोधून सापडणार नाही. माणूस, झाड, आवाज आणि शेवटी वाघ असा हा प्रवास असून प्रत्येक पायरीवर शेत एकेक पाऊल मागे गेले आहे. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर १९५७ पासून दिसणारा कोंबडा तेवढा अपवाद म्हणता येईल, कारण सकाळशी आणि खळ्याशी त्याचे काही नाते आहे. व्हीटीज या गव्हाच्या फ्लेक्सचे १९२६ मधील आकाशवाणीवरील गीत हे जाहिरात-गीतांच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी मानले जाते. पुढे दूरचित्रवाणीवरील व्यंगपटांच्या मध्यंतरात हीच पात्रे मुलांच्या सोबतीला आली. येथून जाहिरात आईशी बोलेनाशी झाली. ती मुलाशी बोलू लागली.

१९९४ आणि गरम दूध

केलॉग कंपनीने रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे कारखाना उभारून १९९४ मध्ये मक्याचे, गव्हाचे आणि बासमती तांदळाचे फ्लेक्स भारतीय बाजारात आणले. मोहन मीकिनचे कॉर्नफ्लेक्स त्याआधीपासून मिळत होते, पण त्यांचा ग्राहकवर्ग मर्यादित होता. नव्या कंपनीने आरोग्याचा मुद्दा पुढे केला. परंपरागत न्याहारी पोषणाच्या दृष्टीने उणी आहे, असा तिच्या आरंभीच्या जाहिरातींचा रोख होता. प्रौढ ग्राहकाने तो मानला नाही. उत्सुकतेपोटी झालेली पहिली खरेदी ओसरल्यावर मागणी रोडावली.

अपयशाची कारणे सांगताना किंमत आणि चव यांचा उल्लेख नेहमी होतो. दुधाच्या तपमानाचा मुद्दा मात्र सांस्कृतिक आवडीनिवडीत ढकलला जातो, ते पटण्यासारखे नाही. गवळ्याकडून आलेले कच्चे दूध तापविल्याशिवाय टिकत नाही, आणि ज्या घरात शीतकपाट नाही तेथे सकाळचे दूध गरमच असणार. जालन्यासारख्या शहरात त्या काळी बहुसंख्य घरांची हीच स्थिती होती. फ्लेक्सची रचना थंड, निर्जंतुक केलेल्या दुधासाठी होती. गरम दुधात ते क्षणात लगदा होत. कुरकुरीतपणाची ग्वाही देणारी जाहिरात आणि वाटीतील वस्तू यांचा मेळ बसेना. ज्याला ग्राहकाची जुनी सवय म्हटले गेले, ते वास्तविक दुधाच्या पुरवठ्याचे स्वरूप होते.

कंपनीने यानंतर दोन मार्ग चोखाळले. एक स्थानिक चवीचा : १९९८ मध्ये आंबा-वेलची, नारळ-केशर आणि गुलाब अशा स्वादांची 'मझ्झा' मालिका आली. दुसरा मुलांचा : १९९६ मध्ये चोकोज आले, त्यावर कोको नावाचे अस्वल होते; पुढील वर्षी फ्रॉस्टीज आणि त्यासोबत वाघ. पहिला मार्ग फार काळ चालला नाही. दुसरा चालला. चोकोज मऊ पडले तरी दूध चॉकलेटी होते, त्यामुळे गरम दुधाची अडचणही सौम्य झाली. १९९२ नंतर उपग्रह वाहिन्या पसरल्या, १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले, आणि ज्या प्रेक्षकाशी बोलायचे तो प्रेक्षक एके ठिकाणी बसलेला सापडला. 'जागो जैसे भी, लो केलॉग्ज ही' हे घोषवाक्य याच पर्वातील. त्यातील गृहीत लक्षात घेण्यासारखे आहे. न्याहारी ही जागे होण्याला जोडलेली आहे, कामाला नव्हे. बांधावर खायच्या न्याहारीला या वाक्यात स्थान नाही. वाघाविषयी आणखी एक गोष्ट : महाराष्ट्रात १९६६ पासून वाघाचे चित्र एका राजकीय पक्षाची ओळख बनले होते, आणि ग्रामीण मनात वाघोबा हे दैवत आहे. फ्रॉस्टीजच्या हसऱ्या वाघाला या दोहोंच्या शेजारी जागा शोधावी लागली. अस्वलाला अशी स्पर्धा नव्हती.

याच सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांसाठी वेगळी व्यवस्था आकार घेत होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारची प्राथमिक शाळांसाठीची पोषण आहार योजना सुरू झाली. आधी घरी न्यायला तांदूळ मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न, म्हणजे व्यवहारात खिचडी, शाळेत मिळू लागली. एकाच पिढीतील दोन मुलांच्या आठवणींत त्यामुळे दोन निराळी धान्ये राहिली : एकाच्या आठवणीत अस्वल, दुसऱ्याच्या आठवणीत शाळेच्या व्हरांड्यातील पातेले. दोन्ही ठिकाणी ज्वारी नव्हती.

दोन 'शक्ती'

मुलांना चॉकलेट आणि आईला पोषण, अशी विभागणी झाल्यावर कॉर्नफ्लेक्सच्या जाहिरातीत 'आयर्न शक्ती' हे शब्द आले. धान्यावर प्रक्रिया करताना लोह वरून मिसळले जाते आणि खोक्यावर ते गुण म्हणून छापले जाते. २०१८ मध्ये परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने ज्वारीचा एक जैवसंपृक्त वाण प्रसारित केला. त्याचे नाव 'परभणी शक्ती'. त्यात दर किलोस सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. नेहमीच्या ज्वारीत ही प्रमाणे सुमारे ३० आणि २० आहेत. येथे लोह मिसळलेले नाही, पैदाशीच्या मार्गाने दाण्यात आणलेले आहे. शब्द एकच, दावाही एकाच जातीचा. परंतु पहिली शक्ती दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचली आणि दुसरीचे नाव कृषी मेळाव्यांपलीकडे फारसे कोणी ऐकलेले नाही. याचा दोष केवळ विद्यापीठाच्या प्रसारयंत्रणेस देणे अन्यायाचे होईल. ज्वारीखालील जमीन कपाशी, सोयाबीन आणि मक्याकडे वळत असताना नवा वाण कितीही गुणी असला तरी तो पेरायचा कोठे, हा प्रश्न आधीचा आहे.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारीचे फ्लेक्स, ज्वारीचा रवा, पाकीटबंद लाह्या आता दुकानांत मिळतात. हैदराबादच्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेने अशा पदार्थांची तंत्रे विकसित केली आहेत. शुभंकरांबाबत जगात उलटा प्रवाहही सुरू झाला आहे. चिली देशाने २०१६ मध्ये अतिरिक्त साखरेच्या पदार्थांच्या वेष्टनांवरून मुलांना आकर्षित करणारी पात्रे काढावयास लावली आणि वाघ खोक्यावरून गेला. नंतर मेक्सिकोनेही तसे नियम केले. भारतात २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुलांच्या वाहिन्यांवर चिप्स, शीतपेये यांसारख्या निकृष्ट खाद्यपदार्थांच्या जाहिरातींना मनाई केली. साखर घातलेल्या न्याहारी-धान्यांचा त्यांत नावाने उल्लेख नाही.

जालना जिल्ह्यात भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांत खरिपाचा मका मोठ्या प्रमाणावर होतो. महाराष्ट्रातील इतर मक्याप्रमाणे तो मुख्यतः कोंबडीखाद्य आणि स्टार्चच्या उद्योगांकडे जातो. त्याच्या बियाण्याची पिशवी जेव्हा शेतकऱ्याच्या हाती येते, तेव्हा १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार तिच्यावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्तीची व शुद्धतेची टक्केवारी आणि तपासणीची तारीख छापलेली असते. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर पोषणतक्ता, घटकांची यादी, किंमत आणि कोंबडा असतो. घटकांच्या यादीत मक्याच्या वाणाचा किंवा तो कोणत्या जिल्ह्यात पिकला याचा उल्लेख नसतो, आणि कायद्यानेही तो सक्तीचा नाही.