डेटा तोच, प्रश्न नवा

मास स्पेक्ट्रोमीटर प्रथिनाचं नाव सांगत नाही. ट्रिप्सिन या विकराने तोडलेल्या प्रथिनाच्या तुकड्यांचं, म्हणजे पेप्टाइडांचं, वजन तो मोजतो. मग तेच तुकडे आणखी फोडून पुन्हा वजनं घेतो. त्या आकड्यांवरून नाव हुडकायचं काम संगणकाचं. 1994 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जिमी एंग आणि जॉन येट्स यांनी ‘सीक्वेस्ट’ लिहून हे काम यंत्रावर सोपवलं, आणि इथून अशा सॉफ्टवेअरच्या कुळाची सुरुवात धरता येते.

पुढची अडचण शास्त्राची नव्हती, व्यवहाराची होती. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची फाइल वेगळी, ती उघडणारं सॉफ्टवेअरही त्याच कंपनीचं. 2008 मध्ये ‘एमझेडएमएल’ हा सगळ्यांना वाचता येणारा सामायिक साचा आला. इंग्लंडमध्ये हिंक्स्टनला ‘प्राइड’ हे डेटाचं कोठार आधीच उभं होतं. शोधनिबंधाबरोबर मूळ फायली तिथे ठेवायची रीत हळूहळू पडली.

ही रीत किती मोलाची, हे 2014 मध्ये दिसलं. मानवी प्रथिनांचे दोन मोठे आराखडे त्या वर्षी ‘नेचर’मध्ये आले, त्यातल्या एकात बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्सचा मोठा वाटा होता. स्पेनमधल्या एका गटाने दोन्हींचे निष्कर्ष पुन्हा तपासले. गंध ओळखणारी प्रथिनं दोन्हींत सापडल्याची नोंद होती, पण नाकाच्या ऊतीचा नमुना तर कुणी घेतलाच नव्हता! मूळ डेटा खुला नसता, तर असे वाद नुसते मतांवर लढवावे लागले असते.

अशा चुकीच्या ओळखी पकडायची एक युक्ती मला फार आवडते. खऱ्या प्रथिनांच्या यादीत तीच प्रथिनं उलट्या क्रमाने लिहून मिसळतात. उलटं प्रथिन निसर्गात नसतंच, त्यामुळे त्याच्याशी जुळलेलं प्रत्येक पेप्टाइड म्हणजे निव्वळ योगायोग. असे योगायोग किती, यावरून खऱ्या यादीतल्या चुकांचा अंदाज येतो, आणि सहसा एक टक्क्याच्या वर तो जाऊ देत नाहीत.

पण यादी कुठली, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, सेटिंग काय, हे एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीतच राहिलं, तर तो पदवी घेऊन गेला की सगळं गेलं. इथे ‘गॅलेक्सी’ कामी आलं. 2005 च्या सुमारास पेन स्टेट विद्यापीठात जनुकशास्त्रासाठी सुरू झालेल्या या प्रणालीत प्रत्येक पायरी आपोआप नोंदली जाते, आणि त्या नोंदीतूनच वर्कफ्लो, म्हणजे पायऱ्यांची साखळी, काढून दुसऱ्या डेटावर चालवता येतो. मिनेसोटा विद्यापीठात टिमथी ग्रिफिन आणि प्रतीक जगताप यांच्या गटाने ती प्रथिनांच्या अभ्यासासाठी वाढवली, हीच ‘गॅलेक्सी-पी’.

कोविडच्या साथीत तिचा कस लागला. इतरांनी खुल्या केलेल्या रुग्णांच्या डेटात या गटाने नवा प्रश्न विचारला: विषाणूच्या जोडीला आणखी कोणते जंतू होते? त्यावरचा निबंध 2021 मध्ये आला. नमुने आधीच घेतलेले, यंत्रही आधीच चालून गेलेलं. बदलली ती फक्त शोधायची यादी. 2023 मध्ये आयआयटी मुंबईतल्या संजीव श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेबरोबर जगताप यांच्या गटाने हाच प्रश्न भारतातल्या रुग्णांच्या स्वॅबच्या डेटाला विचारला, आणि जिवाणू व बुरशींच्या पेप्टाइडांचा माग काढला.

2024 मध्ये ‘क्वांटएमएस’ हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध झालं. नमुना कोणता, विकर कोणतं, यंत्र कोणतं, एवढं ठरलेल्या साच्यातल्या तक्त्यात भरलं की पुढच्या पायऱ्या ते स्वतः लावतं. खुल्या डेटाच्या मोठमोठ्या राशी आता एकाच पद्धतीने पुन्हा तपासता येतात.

यंत्र कोट्यवधींचं असतं, ते सगळीकडे येणार नाही. पण जर्मनीत फ्रायबुर्गहून चालणारा गॅलेक्सीचा सर्व्हर सगळ्यांना फुकट खुला आहे, आणि तिथली आकडेमोड तिथल्याच संगणकांवर होते. दाभोसा गावातून जव्हारच्या कॉलेजात येणाऱ्या मुलीला ब्राउझर आणि बरं नेटवर्क मिळालं, तर मुंबईच्या प्रयोगशाळेने खुल्या केलेल्या डेटावर तोच वर्कफ्लो ती चालवू शकते, आणि उत्तर वेगळं आलं तर का आलं, हेही विचारू शकते.