अणुवीज प्रकल्पांचे आपत्कालीन नियोजन

अणुवीज प्रकल्पांचे आपत्कालीन नियोजन म्हणजे अणुभट्टीतून किरणोत्सारी द्रव्ये बाहेर पडल्यास कर्मचारी व परिसरातील रहिवासी यांच्या रक्षणासाठी आगाऊ आखलेली व्यवस्था. भारतात ती परवान्याशी निगडित आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ स्थळनिवड, बांधकाम, कार्यारंभ व संचालन अशा टप्प्यांनी संमती देते. संचालनाच्या परवान्यापूर्वी योजना सिद्ध असून तिची चाचणी झाली आहे, याची मंडळ खात्री करून घेते.

प्रकल्पाभोवती तीन क्षेत्रे कल्पिली जातात. किमान १ किलोमीटरपर्यंत वस्तीस मनाई असते, ५ किलोमीटरपर्यंत लोकवस्तीच्या वाढीवर मर्यादा असते आणि १६ किलोमीटर त्रिज्येचे क्षेत्र आपत्कालीन नियोजनाचे मानले जाते. कुंपणाच्या आतील आपत्तीची जबाबदारी प्रकल्पचालकाची, तर बाहेरील योजनेची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. लोकांना घरात दारे-खिडक्या लावून थांबविणे, किरणोत्सारी आयोडीन थायरॉईड ग्रंथीत साठू नये म्हणून आयोडीनच्या गोळ्या देणे, दूषित दूध व अन्न वर्ज्य करणे आणि गरज पडल्यास स्थलांतर, हे तिचे मुख्य उपाय होत. बाह्य आपत्तीची रंगीत तालीम दर दोन वर्षांनी घ्यावी लागते. तारापूर येथील प्रकल्प १९६९ पासून वीज देत असल्याने महाराष्ट्राला हा विषय नवा नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील माडबन येथील नियोजित जैतापूर प्रकल्पात प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. येथे १६ किलोमीटरचे वर्तुळ नकाशावर काढणे सोपे, पण ते अमलात आणणे अवघड आहे. वर्तुळाचा मोठा भाग समुद्रात जातो, म्हणजे मासेमारीस गेलेल्या होड्यांपर्यंतही इशारा पोहोचला पाहिजे. दक्षिणेकडे ते वाघोटन खाडी ओलांडून सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरते व विजयदुर्ग त्यात येते. साहजिकच दोन जिल्हा प्रशासनांत मेळ आवश्यक ठरतो.

मालवण तालुक्यातील देवबाग या क्षेत्राच्या पुष्कळ बाहेर, दक्षिणेस आहे. तरीही किनाऱ्यावरील स्थलांतराची अडचण समजण्यास ते उत्तम उदाहरण होय. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी आणि मधल्या अरुंद वाळूच्या पट्टीवर गाव. मालवणकडे जाणारा रस्ता तारकर्लीवरूनच जातो. अशा भूभागात केवळ अंतर मोजून भागत नाही. रस्त्याची रुंदी, पावसाळ्यातील समुद्राची स्थिती आणि वृद्ध व आजारी यांच्यासाठी वाहने यांचाही हिशेब योजनेत मांडावा लागतो.