मथळ्याची कामगिरी

पुणें जिल्ह्यांत लोणी या नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. पुण्याजवळ लोणी काळभोर व लोणीकंद, इंदापूर तालुक्यांत लोणी देवकर, आणि बारामती तालुक्यांत लोणी भापकर. नुसतें ‘लोणी’ म्हटलें असतां कोणतें, हा प्रश्न उरतोच. ‘भापकर’ हें एक पद जोडतांच तो सुटतो. सामान्यास विशेषाची जोड देऊन वस्तु ओळखूं येईल असें करणें, हेंच मथळ्याचें मूळ कार्य होय.

दफ्तरखान्यांत हें कार्य अधिक निकडीचें होतें. पेशवे दफ्तरांतील रुमालांचे वर्ग पाहावे: रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी. वर्गाचें नांव ऐकतांच आंत कोणत्या जातीचे कागद असावेत हें, रुमालाची गांठ न सोडतां, जाणत्यास कळे. परंतु इतिहाससंशोधकाचें एवढ्यानें भागत नाहीं. त्यास हजारों कागदांतून एकच पत्र हवें असतें. १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं या दफ्तरांतील निवडक कागद ४५ भागांत छापले गेले, तेव्हां पत्रांस अनुक्रमांक, तारीख आणि आशयाचा थोडक्यांत सारांश देण्यांत आला. जुन्या पत्राचा आरंभ बहुधा ठराविक मायन्यानें होतो. त्यावरून आंतील लढाई, कर्ज किंवा तंटा यांचा सुगावा लागत नाहीं. पत्र दफ्तरांत पूर्वींपासून होतेंच. अभ्यासकाच्या हातीं तें आलें तें सारांशाच्या त्या दोन ओळींमुळें.

आज संगणकावरील शोधयंत्रांपुढें हाच प्रश्न आहे. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० च्या नियमांत प्रत्येक पानास मथळा असलाच पाहिजे असें ठरविलें गेलें. शोधाच्या यादींत वाचकास प्रथम दिसतो तो हा मथळा, आणि त्याखालीं दोन ओळींचें वर्णन. लोणी भापकर येथें मल्लिकार्जुनाचें जुनें देवालय, पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ति आहे. त्यांविषयींच्या पानास कोणी ‘मुख्यपान’ किंवा ‘एक अविस्मरणीय सहल’ असें नांव दिलें, तर तो मायनाच झाला, सारांश नव्हे. ‘यज्ञवराह व मल्लिकार्जुन मंदिर, लोणी भापकर’ असें लिहिल्यास जिज्ञासूस वाट सांपडते. विशेष शब्द आधीं यावा, कारण जागा मोजकी असते व लांब मथळ्याची अखेर छाटली जाते. वर्णनांत मार्ग, शिल्प, काल यांपैकीं पानांत खरोखर काय आहे तें सांगावें. दहा पानांस एकच मथळा देणें म्हणजे चारही गांवांस नुसतें लोणी म्हणणें होय.

अतिशयोक्तीनें मात्र येथें कार्यनाश होतो. लोकांनीं पानांत लपविलेल्या शब्दयादींचा इतका दुरुपयोग केला कीं, वेबशोधांतील क्रम लावतांना आपण त्या विचारांत घेत नाहीं, असें गूगलनें २००९ मध्यें जाहीर केलें. वर्णनासही क्रमांत वजन नाहीं, असें त्याच वेळीं सांगितलें. त्याचें काम वाचकाचें मन वळविण्याचें. मथळा पानाशीं जुळत नसेल तर यंत्र पानांतीलच दुसरे शब्द त्याच्या जागीं दाखवितें.

म्हणून ज्याला आपल्या गांवचा वारसा जगास दाखवावयाचा आहे, त्यानें आधीं त्या वारशाचें नांव नीट लिहावें. दगडांतली मूर्ति शतकानुशतकें टिकते. पण जिचा पत्ता लिहिलेला नाहीं, ती दूरच्या वाचकाच्या दृष्टीनें नसल्यासारखीच.