युरिक ॲसिडच्या गोळीची कुळकथा

पायाचा अंगठा एका रात्रीत सुजून लालबुंद झाला, चादरीचा स्पर्शही सोसवेना, की डॉक्टर रक्तातले युरिक ॲसिड तपासायला सांगतात. ठणका ओसरला की बहुतेकदा ॲलोप्युरिनॉल सुरू होते. आपल्याकडे अनेक घरांत ते ‘झायलोरिक’ या नावाने ओळखीचे आहे. जुनी, स्वस्त, साधी गोळी. पण या सांधेदुखीशी, म्हणजे गाउटशी, या गोळीच्या जन्माचा काहीच संबंध नाही. ती आली रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनातून. तिथेही तिचे काम कर्कपेशी मारण्याचे नव्हते. दुसऱ्या एका औषधाचा शरीरातून होणारा निचरा अडवायचा, एवढ्याचसाठी तिची निवड झाली होती.

ते दुसरे औषध म्हणजे मर्कॅप्टोप्युरिन. न्यूयॉर्कजवळच्या टकाहो गावी बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हिचिंग्ज आणि गरट्रूड एलियन यांनी ते घडवले. एलियनबाईंकडे पीएच.डी. नव्हती. बाईमाणूस म्हणून प्रयोगशाळांनी दारे लावून घेतल्यावर त्यांनी एका किराणा कंपनीसाठी लोणच्यांची आम्लता तपासण्याचेही काम केले होते. 1944 साली त्या हिचिंग्ज यांच्याकडे रुजू झाल्या. पेशीला डीएनए बांधायला प्युरिन लागतात, तेव्हा तिला जवळपास तसाच दिसणारा पण निकामी घटक द्यावा, हा दोघांचा डाव. त्यासाठी त्यांनी एका प्युरिनमधला ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवले. ल्युकेमिया झालेली मुले तेव्हा काही महिन्यांत दगावत. या औषधाने त्यांतल्या काहींचा आजार मागे हटला, जरी बहुतेकांत तो पुन्हा उलटला. 1953 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

दुसरा कोणी इथे थांबला असता. एलियन औषधाचा माग काढत राहिल्या: पोटात गेल्यावर त्याचे होते काय? रोग्यांच्या लघवीत त्यांना थायोयुरिक ॲसिड सापडले. झँथिन ऑक्सिडेझ नावाचे विकर मर्कॅप्टोप्युरिनचे ऑक्सिडीकरण करून त्याला निष्प्रभ करत होते. आपल्या शरीरात युरिक ॲसिड तयार करणारे विकरही हेच. मग ते विकरच रोखले तर? औषध जास्त वेळ टिकेल, कमी मात्रेत जास्त काम करेल. त्यासाठी जे संयुग निवडले गेले ते ॲलोप्युरिनॉल. कर्करोगावर त्याचा स्वतःचा प्रभाव जवळजवळ शून्य, पण विकराला मात्र ते घट्ट धरून ठेवायचे.

ही युक्ती तेव्हा अगदी नवी होती असेही नाही. पेनिसिलिन दुर्मीळ होते त्या काळात ते मूत्रपिंडांतून भराभर वाहून जायचे. ऑक्सफर्डला तर 1941 मध्ये एका पोलिसाच्या लघवीतून पेनिसिलिन पुन्हा गाळून त्यालाच टोचले होते. ही गळती थांबवण्याच्या खटपटीतून पुढे प्रोबेनेसिड आले, आणि तेही शेवटी गाउटच्याच रोग्यांच्या कामी आले. गाउटची ही दोन्ही नामांकित औषधे दुसऱ्या औषधाची राखण करायला निघाली होती, हा योगायोग मला तरी फार गमतीचा वाटतो.

ड्यूक विद्यापीठातले वेन रंडल्स यांनी मर्कॅप्टोप्युरिन आणि ॲलोप्युरिनॉलची जोडी ल्युकेमियाच्या रोग्यांना देऊन पाहिली. निचरा खरोखरच अडला. मर्कॅप्टोप्युरिनची मात्रा तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आणली तरी परिणाम पूर्वीइतकाच होऊ लागला. पण अस्थिमज्जेवरचा घावही तितकाच वाढला. कमी गोळ्यांत तेवढाच गुण आणि तेवढाच अपाय, म्हणजे रोग्याच्या पदरात जास्तीचे काही नाही. मूळ बेत इथे फसला. त्याच तपासण्यांमध्ये मात्र रोग्यांच्या रक्तातले आणि लघवीतले युरिक ॲसिड झपाट्याने उतरलेले दिसले. विकरच बंद, तर युरिक ॲसिड बनणार कुठून? 1966 मध्ये ॲलोप्युरिनॉल गाउटचे औषध म्हणून अमेरिकेच्या बाजारात आले. 1988 च्या नोबेल पुरस्कारात एलियन आणि हिचिंग्ज यांचा वाटा होता, त्यामागच्या कामांत हेही एक.

ही अडवणूक नेमकी कुठे होते, हे 1983 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले. तोंडाने घेतलेले मर्कॅप्टोप्युरिन रक्तात पोचण्याआधीच आतडी आणि यकृत त्याचा मोठा भाग गिळून टाकतात. आधी ॲलोप्युरिनॉल दिले असेल तर रक्तातली सर्वोच्च पातळी सुमारे पाचपट चढते. तेच औषध शिरेतून दिले तर फरक जवळजवळ पडत नाही. औषधे तीच, जोडीही तीच, पण गोळी की सलाइन यावर सगळे अवलंबून.

केमोच्या जोड्यांमध्ये असे आणखीही सापडते. पॅक्लिटॅक्सेलच्या आधी सिस्प्लॅटिन दिले तर पॅक्लिटॅक्सेलचा निचरा चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याने घटतो आणि पांढऱ्या पेशी जास्त कोसळतात. म्हणून पॅक्लिटॅक्सेल आधी चढवतात. जपानमध्ये 1993 साली तर मोठा अनर्थ झाला. नागिणीवरचे सोरिव्हुडिन हे नवे औषध फ्लुओरोयुरॅसिल गटातली केमो चालू असलेल्यांनाही दिले गेले. त्याने केमो मोडणारे विकर कायमचे निकामी केले आणि काही आठवड्यांत किमान 15 माणसे दगावली. पुढे त्याच जपानने तेच विकर मोजूनमापून अडवणारा जिमेरॅसिल हा घटक केमोच्याच कॅप्सूलमध्ये घातला. एस-वन नावाचे हे औषध 1999 पासून जठराच्या कर्करोगावर वापरात आहे. एलियन यांचा बेत इथे फळला असे म्हणायला हरकत नाही.

खुद्द ॲलोप्युरिनॉलही मूळ घरी परतले आहे. काही रोग्यांच्या शरीरात मर्कॅप्टोप्युरिन भलत्याच वाटेने जाते. उपयोगी घटक कमी बनतात आणि यकृताला त्रास देणारे मिथिलयुक्त घटक साचत जातात. अशांना मर्कॅप्टोप्युरिनची मात्रा चौथाई-तिहाईवर आणून सोबत ॲलोप्युरिनॉल दिले की वाट बदलते. आतड्याच्या जुनाट दाहात आणि ल्युकेमियाच्या निवडक मुलांत डॉक्टर हे करतात, मात्र रक्ताच्या वारंवार तपासण्या करूनच.

धोका आहे तो नकळत जुळणाऱ्या जोडीत. मूत्रपिंड बदललेल्या किंवा संधिवाताच्या अनेक रोग्यांना ॲझाथायोप्रिन चालू असते. शरीरात त्याचे मर्कॅप्टोप्युरिनच होते. अशा माणसाचा अंगठा सुजला, त्याने दुसऱ्या डॉक्टरकडून युरिक ॲसिडची गोळी आणली आणि जुनी मात्रा तशीच ठेवली, तर अस्थिमज्जा जिवावर बेतेल इतकी दबू शकते. फेबुक्सोस्टॅट ही नवी गोळीही तेच विकर अडवते, तेव्हा तीही या जोडीत टाळतात. म्हणून घरात कोणाला ॲझाथायोप्रिन किंवा मर्कॅप्टोप्युरिन चालू असेल, तर युरिक ॲसिडची कोणतीही गोळी सुरू करण्याआधी दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.