आकाश क्षेपणास्त्र आणि हिशेब मागण्याचा हक्क

संरक्षणाचा विषय निघाला की आपल्याला गप्प बसवले जाते. 'सैन्याच्या खर्चावर बोलू नका, देशद्रोह होतो.' आम्ही याला थेट इतिहासातून उत्तर देऊ इच्छितो.

१९८३ साली भारताने एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रम सुरू केला. पृथ्वी, अग्नी, त्रिशूल, आकाश आणि नाग अशी पाच क्षेपणास्त्रे त्यात होती. शत्रूची विमाने पाडण्याचे काम त्रिशूल आणि आकाशचे. त्रिशूल रखडले, नौदलाला इस्रायलकडून बराक घ्यावे लागले आणि २००८ मध्ये त्रिशूल बंद झाले. आकाश मात्र टिकले. हवाई दलाने २०१० मध्ये आणखी सहा स्क्वाड्रनची मागणी नोंदवली.

पुढे काय झाले? जुलै २०१७ मध्ये कॅगचा, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. नोव्हेंबर २०१४ पर्यंत मिळालेल्या ८० पैकी २० क्षेपणास्त्रे डागून पाहिली, त्यांतील ६ अपयशी ठरली. म्हणजे ३० टक्के. काही लक्ष्यापर्यंत पोहोचलीच नाहीत, काहींचा वेग कमी पडला, तर काहींचे महत्त्वाचे भाग बिघडले. सुमारे ३,६०० कोटी रुपये देऊनही ठरलेल्या सहापैकी एकाही ठिकाणी यंत्रणा बसलेली नव्हती. क्षेपणास्त्रालाही ठरावीक आयुष्य असते. तळ तयार नसेल, तर ते गोदामातच संपत जाते.

काही जण म्हणतील, मे २०२५ मध्ये याच आकाशने पाकिस्तानी हल्ले रोखायला मदत केल्याचे सरकारने सांगितले. आम्हालाही त्याचा आनंदच आहे. पण त्यावरून २०१७ चे प्रश्न चुकीचे ठरतात का? उणिवा कागदावर आल्याशिवाय त्या दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणावर टाकणार? चाचणीत चुकलेले क्षेपणास्त्र नंतर दुरुस्त करता येते. युद्धात ते चुकले, तर किंमत सीमेवरचा जवान मोजतो, आणि तो बहुतेक वेळा शेतकऱ्याचा, कष्टकऱ्याचा मुलगा असतो.

आता बाबासाहेबांकडे येऊ. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षकाला संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले आणि न्यायपालिकेइतकेच स्वातंत्र्य त्याला हवे, असा आग्रह धरला. कलम १४८ ते १५१ मध्ये ही व्यवस्था आहे. १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनातही त्यांनी ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, हे आकड्यांसह मांडले. त्यांना कोण देशद्रोही म्हणेल?

२०१७ नंतर काही वर्षे संरक्षणाचे लेखापरीक्षण अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर येणे थांबले. हा निर्णय जाणीवपूर्वक घेतल्याचे तत्कालीन महालेखापरीक्षक राजीव महर्षी यांनी २०२० मध्ये सांगितले. कारण होते शत्रूच्या हाती माहिती पडण्याचे. तांत्रिक गुपिते जपावीत, हे आम्हालाही मान्य आहे. पण किती पैसे दिले आणि किती वर्षे उशीर झाला, हे करदात्यापासून कशासाठी लपवायचे? मोबाईलसारख्या कित्येक खरेदींवर आपली वस्तीही कर भरते.

तरुण मित्रांनो, शिष्यवृत्ती थकली की आपण समाजकल्याण कार्यालयात हिशेब मागतो. तोच हक्क क्षेपणास्त्राच्या खर्चालाही लागू आहे. कॅगचे अहवाल वाचा, अभ्यासवर्गात त्यावर चर्चा करा, आपल्या खासदाराला पत्र लिहा.

जय भीम! जय संविधान!